हिंदमातेच्या दुकानातलं गोवा-खातं

दुकानातले किस्से उलगडलेल्या साड्यांसारखे असतात. गिऱ्हाईक निघून जातं, ढीग आपल्यापुढे राहतो! माझ्यापुढचा हा ढीग सगळा गोव्याचा.

महाराष्ट्र मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात गोवाही सुटला. मी बी.ए. होऊन मुंबईत हिंदमाता टॉकीजजवळच्या साडीच्या दुकानात नुकतीच लागले होते. मालक अण्णा म्हणाले, "आता गोव्यात परदेशी मालावर आपली जकात बसणार. तो महागला की तिथल्या बायका कुणाच्या साड्या नेसणार? आपल्या!"

गोव्याच्या पत्रव्यवहाराला त्यांनी मला बसवलं. अट एकच. "शिमग्यापर्यंत एक तरी ऑर्डर. नाहीतर खातं बंद, बाई!"

खातं म्हणजे मी!

*

पहिल्याच पत्राला मी परदेशचं तिकीट लावलं. जुने सेल्समन तात्या ओरडले, "पोरी, लोकांनी लाठ्या खाऊन आणलेला गोवा तू एका तिकिटात परत दिलास की गं!"

मी इतकी दचकले, की घाईघाईने तिकीट सोलून काढलं. पत्र बिनतिकिटाचंच गेलं.

*

तरी फोंड्याच्या एका दुकानदाराचं उत्तर आलं. 'तुमच्या सुती साड्या उत्तम. पण आमच्याकडे जकातीआधीचं जपानी नायलॉन भरपूर आहे, तेही स्वस्त. संपलं की कळवतो.'

"कधी संपेल?" अण्णांनी मलाच विचारलं. का, तर मी इकॉनॉमिक्स घेतलेलं!

"पुस्तकात एवढंच होतं, की जकातीची भिंत पडली की व्यापार वाढतो."

"कुणाचा?"

"हे... परीक्षेला आलं नव्हतं."

*

एक दादरच्या बाई आल्या. "गोवा आपला झाला ना? मग तिथलं ते जपानी नायलॉन दाखवा."

तात्या म्हणाले, "गोवा आला, नायलॉन जकातीच्या नाक्यावर अडकलंय."

"देश एक, मग नाका कशाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चाचरत म्हटलं, "तो माल आपली जकात न भरता आलेला. म्हणून तूर्त इकडे आणू देत नाहीत."

"म्हणजे माणसं देशी आणि साड्या परदेशी?"

"हो... म्हणजे नाही... म्हणजे तूर्त हो."

बाई काही न घेता गेल्या.

*

शिमगा चार दिवसांवर आला. अण्णांच्या घरच्या, आमच्या काकू, कित्येक वर्षांनी कुलदेवीची ओटी भरायला गोव्याला गेल्या होत्या. परतल्या त्या थेट दुकानात. चांगल्याच गरगरीत दिसत होत्या!

"गोव्याचं पाणी मानवलं वाटतं," अण्णा म्हणाले.

"ते राहू दे. तुमचा फोंड्याचा दुकानदार भेटला. मुंबईहून देवीला येणाऱ्यांची ही रांग! ओटीला सुती साडी मिळेना त्यांना. नायलॉनने का कुणी देवीची ओटी भरतं? शंभर साड्या लगेच पाठवा म्हणालाय."

अण्णांनी टेबलावर थाप मारली. मी दचकले. "बाई, बघता काय? टाइप करा! खातं चालू!"

मला रडूच फुटलं. कागद मशीनमध्ये उलटा घातला.

तेवढ्यात काकू पडद्याआड गेल्या आणि बाहेर आल्या त्या नेहमीसारख्या सडपातळ होऊन. हातावर तीन नायलॉनच्या साड्या!

अण्णा बघतच राहिले. "एकावर एक नेसून आणल्यास? अगं, देवीला सुती, आणि तुला नायलॉन?"

काकू शांतपणे घड्या घालत म्हणाल्या, "देवीला कुठे नाका ओलांडायचा होता!"