सोजुनच्या नावाची पाणपोई

चुडाव्याच्या स्टेशनबाहेर आता टपऱ्यांची रांग लागलीय. एसटीची कंडक्टर शिवकन्या कधी त्या बाजूला आली, की तिची नजर हटकून टपऱ्यांच्या मागं जाते. तिथं पूर्वी एक लिंब होता. त्या लिंबाखाली एका उन्हाळ्यात तिनं पाणपोई घातली होती, तीही कोरियातल्या एका गाणाऱ्या पोराच्या नावानं.

तेव्हा ती बारावीला होती. दिवाळी सरली की बन्सीधर आणि धुरपताबाई, म्हणजे तिचे आईबाप, ऊसतोडीला जायचे. शिवकन्या मागं राहायची, छबूआत्याजवळ. आत्या दिवसभर दुसऱ्यांच्या रानात. घरात शिवकन्या, एक चूल आणि बापानं खुशाली कळावी म्हणून ठेवलेला फोन. त्या फोनात एका दुपारी सहा पोरं नाचत आली. त्यातला बुटका तो सोजुन. एकदा तो म्हणाला, की आईबाप मासळीच्या दुकानात असायचे, लहानपणी मी एकटाच जेवायचो. खाली इंग्रजीत लिहून आलेलं ते वाचून शिवकन्येच्या हातातला घास हातातच राहिला. भाषा कळत नव्हती. एकट्यानं जेवणं कळत होतं. हा आपला, तिनं ठरवून टाकलं.

मैत्रीण सृष्टी हसायची. "तुझं हाय काय गं त्यात?"

"तुझा भाऊ कुस्तीत उतरला तर तू काय दुसऱ्या पैलवानाला टाळ्या वाजवतीस का?"

मग सृष्टीही नादी लागली. दोघी शाळेच्या वाटेवर नाचत जायच्या, आणि म्हशी बिचकायच्या.

त्या हिवाळ्यात मात्र इपरीत घडलं. भर कार्यक्रमात, गाण्याच्या मधोमध, सोजुननं माईक खाली ठेवला आणि तो निघून गेला. पुन्हा दिसलाच नाही. लोक माजला म्हणाले, फुकट खातो म्हणाले. कंपनीनं पोस्टरवरून त्याचा फोटो काढला. कुणी तर कंपनीच्या दारात काळ्या फितीची मयताची फुलं पाठवली, आमच्यासाठी तू मेलास म्हणून. शिवकन्या रात्री उठून उठून फोनात त्याची खबर शोधायची. असं ऐकून ऐकून त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? हे ती सृष्टीलासुद्धा बोलली नाही.

जगभरच्या पोरींनी कंबर कसली. त्याची गाणी अखंड वाजत ठेवायची, प्रत्येक शिवीखाली एक चांगला शब्द लिहायचा. शिवकन्येचा फोन पिठाच्या डब्यावर दिवसदिवस गात राहायचा. एप्रिलमध्ये त्याचा वाढदिवस होता. त्या दिवशी जो जिथं असेल तिथं त्यानं सोजुनच्या नावानं एक चांगलं काम करायचं, असं ठरलं. कुणी झाडं लावणार होतं, कुणी कुत्र्यांना जेऊ घालणार होतं.

एप्रिलात चुडाव्यात दुसरं काय सुचणार? पाणपोई!

रांजण आले, लाल फडकी ओली करून गुंडाळली, वर कडब्याची सावली. फ्लेक्स पूर्णा गावच्या छपाईवाल्या पप्पूकडून. पप्पूला पाणपोईचा फ्लेक्स एकच ठाऊक: मधे फोटो, फोटोला झेंडूचा हार, दोन बाजूंना समया. त्यानं मनापासून तसाच छापला.

पहिली आली तानुबाई, डोक्यावर सरपण घेऊन. पाणी प्याली, तोंड पुसलं, वर बघितलं आणि मोळी टाकून खालीच बसली.

"अगं माय माय! मिशीबी फुटली न्हवती की गं लेकराला!"

गाडीतून उतरलेल्या दोघी-तिघी थबकल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "कोणाचं गं? कशानं गेलं?"

"गेला न्हाई, मावशे!" शिवकन्या ओरडली. "जिता हाय तो! वाढदिवस हाय त्याचा!"

रडं थांबलं. मग पाणी पीत उभे असलेले गावातले लिंबाजीबाबा पुढं झाले.

"जित्या माणसाच्या नावानं पाणपोई? वर हार? उतरव ते आधी, पोरी. अपशकुन हाय."

सृष्टी कानाशी लागली. "काढू गं. तसंबी निम्म्या पोरी सोडून गेल्यात त्याला."

"कंपनीनं काढला फोटो. मी न्हाई काढणार."

शिवकन्या फ्लेक्सला पाठ लावून उभी राहिली. हातून अपशकुन झाला असेल तर? जे घडू नये म्हणून हे सगळं केलं, तेच आपण ओढवून घेतलं तर?

तेवढ्यात घागर घेऊन छबूआत्या आली. घागर उतरवून तिनं निवांत विचारलं, "त्या पोराला झालंय काय, ते तर सांग."

शिवकन्येनं हुंदके देत सगळं सांगितलं. गाता गाता थांबला. लोक वाटेल ते बोलायलेत. कुठं हाय, कसा हाय, कुणाला ठाऊक न्हाई.

"मंग त्याच्या डोक्यावर कावळा बसलाय," आत्या म्हणाली. "आमच्या बन्सीच्या बसला होता लहानपणी. पेडगावला मामाकडं खोटाच सांगावा धाडला, बन्सी गेला म्हणून. मामी ऊर बडवत आली, तर बन्सी उंबऱ्यात भाकर खात बसलेला! मेल्याची खबर जावी, माणसं रडावीत, की आरिष्ट टळतं. तानुबाई, खरं रडलीस का उगंच?"

"हे बघा की डोळे!"

"मंग टळलं."

"रडणारी रक्ताची लागतेत, छबूबाई," लिंबाजीबाबा हटेनात.

"त्याच्या नावाचं पाणी पोटात गेलंय त्यांच्या. झाले की सोयरे! तुमी न्हाई प्यालात?"

लिंबाजीबाबांनी हातातल्या पेल्याकडं बघितलं. उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं, पण तोंड वाकडंच.

"सृष्टे, घरातून ताट आण. कुकू, दिवा. जित्याला ओवाळतेत, मेल्याला न्हाई. कळू दे समद्यांना."

भर उन्हात, फ्लेक्सवरच्या त्या गोऱ्या कपाळावर आत्यानं कुंकू लावलं आणि ओवाळलं. तानुबाई मघाशी रडली तेवढ्याच जोरात हसत होती. शिवकन्या हसत होती की रडत होती, ते तिला आजही सांगता येत नाही. फोटो उतरला नाही. पाऊसकाळापर्यंत तिथंच होता. कुंकवाची रेघ नाकापर्यंत ओघळली, रंग उडाला, तरी स्टेशनावर उतरणारे म्हणायचे, चल, सोजुनकडं पाणी पिऊ.

पुढच्या वर्षी एक साधासा व्हिडिओ आला. गाणं नाही, नाच नाही. सोजुन एका बाकावर बसून म्हणत होता, मी आजारी होतो, आता बरा होतोय. शिवकन्या फोन घेऊन रानात पळत सुटली. आत्या खुरपत होती. मातीचे हात पदराला पुसून तिनं फोन अगदी डोळ्यांजवळ धरला.

"आत्या, हाय गं तो! हाय!"

"मंग? आपुन रडलो होतो की." आत्यानं आणखी निरखून पाहिलं. "पण लय वाळलाय. जेवतो का न्हाई, इचार त्याला."

शिवकन्या तिथंच बांधावर बसली आणि हजारो पोरींच्या इंग्रजी-कोरियन ओळींखाली तिनं मराठीतच लिहिलं: आत्या विचारतेय, जेवलास का?