शेगडीचा सल्ला

गिरजाबाई गजभियेंचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता. उलट वाढच झाली होती म्हणा. नागपुरात माणूस कसा आहे ते निदान त्याच्या चालण्यावरून ओळखता यायचं. इथे बेलव्ह्यूमध्ये सगळेच हसतात. पोस्टमन हसतो, दुकानातली पोरगी हसते, कुत्रा फिरवणारा म्हातारा हसतो. एवढं हसण्यासारखं झालंय तरी काय, हे बाईंना कळत नसे. आणि जे कळत नाही त्याच्यावर नजर ठेवायची, हा त्यांचा जुना शिरस्ता.

शिरस्ता उगाच पडला नव्हता. नवरा लवकर गेला. बाईंनी कापडगिरणीत पंचवीस वर्षं काढली. छप्पन साली आठ वर्षांच्या भानुदासचं बोट धरून दीक्षा घेतली, त्याच भानुदासला इंजिनियर केला, आणि या सगळ्या वाटेत गोड बोलून दूर ठेवणारी माणसं इतकी पाहिली की गोड बोलणं ऐकलं की त्यांचे कान आपोआप टवकारत. आता भानुदास तलावापलीकडे सिअ‍ॅटलला विमानाच्या कारखान्यात होता, सून सुजाता तिकडच्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दिवसभर घरात बाई एकट्या, आणि खिडकीतून सगळ्या रस्त्यावर त्यांचा पहारा.

त्या भागात नोव्हेंबर आला की वारा सुटतो. ताडमाड उंच झाडं विजेच्या तारांवर आडवी होतात आणि दोन-दोन, चार-चार दिवस अंधार. आदल्या वर्षी चार दिवस वीज नव्हती. विहिरीचा पंपच बंद, म्हणून नळाला पाणी नाही. चूल विजेची, म्हणून चहा नाही. एवढी श्रीमंत माणसं आणि एका तारेवर लटकलेली, असं म्हणून बाईंनी त्या वर्षी हात टेकले होते. त्र्याऐंशी साली मात्र त्यांनी ऑक्टोबरपासूनच कंबर कसली.

आधी भानुदासकडून लाकडावरचा लोखंडी स्टोव्ह बसवून घेतला. मग लाकूड. लाकूडवाला ट्रक घेऊन आला, हसला, आणि तिथंच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ढिगातून दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले. खणखण वाजायला पाहिजे, ते थप्प वाजले. "ओलं हाय हे," त्या भानुदासला म्हणाल्या. "सांग त्याला, मी टालवरून लाकूड घेत होती तवा हा जन्मला पण नव्हता." भानुदासने त्यातलं निम्मंच सांगितलं, तरी माणूस निमूटपणे ट्रक परत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी वाळलेला माल आणला. मग पाणी. बादल्या, पातेली, न्हाणीघरातला टब, सगळं भरायचं, रेडिओवाला वाऱ्याचं बोलला की लगेच. मग कंदील, बॅटऱ्या, काडेपेट्या. बॅटऱ्या तर दुकानातच टॉर्चमध्ये घालून पेटवून बघितल्या, सुजाता शरमेने दोन हात लांब जाऊन उभी राहिली.

शेवटी भानुदासने खिडक्यांना आतून प्लॅस्टिक ताणून लावलं आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करून ते ढोलासारखं घट्ट केलं. "वारा आत येत नाही, माय."

"अन् बाहेर कुठून जातो?" बाईंनी विचारलं. भानुदास हसला. बाईंनी स्वयंपाकघराची एक खिडकी लावू दिली नाही ती नाहीच.

समोरच्या घराच्या मात्र एकूण एक खिडकीला प्लॅस्टिक लागलं होतं. ते घर शैलेंद्र आणि पद्मिनीचं. पुण्याची माणसं. चार महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती, मृणालिनी. रस्त्यावर मराठी बोलणारी तेवढीच दोन घरं, त्यामुळे येणंजाणं होतं. पण बाईंचा सगळ्यांत मोठा संशय होता तो त्याच घरावर.

पहिल्या भेटीत शैलेंद्रने भानुदासला आडनाव दोनदा विचारलं होतं. एकदा ऐकायला, एकदा खात्री करायला. त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही. पद्मिनी यायची, "काकू, काकू" करायची, पण चहा दिला की आत्ताच झाला म्हणायची, पाणी दिलं की तहान नाही म्हणायची. एकदा बाईंनी पातोडीची भाजी डबा भरून पाठवली. मुद्दाम अशी तिखट केली होती की भानुदासच्या कानातून धूर निघाला. दोन दिवसांनी डबा घासूनपुसून परत आला.

"कशी झाली होती?" बाईंनी विचारलं.

"छान. एकदम माइल्ड."

बाईंनी मान डोलावली. खाल्लीच नाही, हे त्यांना कळलं. कुणाजवळ बोलल्या नाहीत. भानुदासला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माय, हे नागपूर नाही. हे त्यालाही पुरतं पटलेलं नव्हतं, म्हणून तर तो सारखा म्हणायचा.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, एका शुक्रवारी, वारा सुटला. दुपारी दोनला वीज गेली. तीनला भानुदासचा फोन आला की तलावावरचा तरंगता पूल वाऱ्यामुळे बंद केलाय, वळसा घालून यावं तर रस्त्यांवर झाडं पडलीत. सुजाताही तिकडेच अडकली होती. "तू एकटी आहेस, माय."

"मी एकटीच असते," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना आतून बरंच वाटत होतं. लोखंडी स्टोव्ह धगधगत होता, धुराड्यातून धूर जात होता, टब काठोकाठ भरलेला होता. अख्ख्या रस्त्यावर एकटं त्यांचं घर उबदार होतं. साठीच्या बाईने ही थंडी परतवली होती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान वाटत होता.

चारच्या सुमाराला फोन वाजला. पद्मिनी होती.

"काकू, तुमच्याकडे पॉवर आहे?"

"कुठली. सगळीकडचीच गेली."

"आमचं हीटिंग इलेक्ट्रिक आहे ना. घर एकदम गार पडलंय. मृणालचे हात बर्फासारखे झालेत." ती थांबली. "शैलेंद्र पलीकडे अडकलाय."

"भानूपण तिकडंच हाय."

 मग पद्मिनी म्हणाली, "तुमच्या धुराड्यातून धूर दिसतोय."

बाईंना कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ये, एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं, पण त्याच्या आधी डोळ्यांपुढे तो घासलेला डबा आला. गरज पडली तेव्हा आमची चूल दिसली काय, त्यांच्या मनात आलं. हिने तोंडाने विचारावं. 'काकू, येऊ का' म्हणावं. एकदा तरी म्हणावं.

ती म्हणाली नाही.

"शेगडी कर," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं ते कोळशाचं हाय ना, उन्हाळ्यात वांगे भाजता ते? बाहेर पेटव, कोळसा लाल होऊ दे. लाल झाला की धूर संपला. मग खोलीत घे अन् दार लावून पोरीला शेक दे. बाळंतिणीच्या खोलीत ठेवतात तशी. आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या हेच तं करतात."

"हो," पद्मिनी हळू आवाजात म्हणाली. "आईने पाठवलेला ओवा आणि वेखंड पण आहे. थँक यू, काकू."

फोन ठेवला तेव्हा बाईंना जरा जिंकल्यासारखं वाटलं. सल्ला खोटा नव्हता. भानुदास झाला तेव्हा त्यांच्या खाटेखाली शेगडीच होती. त्यांनी स्टोव्हवर भाताचं भांडं चढवलं, पिठलं टाकलं. भात जरा जास्तच पडला. मधूनमधून त्या खिडकीशी जाऊन समोर बघत होत्या. अंधार पडला होता, आणि समोरच्या घरात पडद्याआड मेणबत्तीचा उजेड होता. वाढलेलं ताट तसंच स्टोव्हशेजारी राहिलं.

सहाला पुन्हा फोन. या वेळी सुजाता.

"आई, स्टोव्ह नीट चाललाय ना? धुराडं चोंदलं नाही ना?" तिच्यामागे गलका ऐकू येत होता. "इथे सारखे पेशंट येताहेत. घरात कोळसा पेटवून बसलेली माणसं. एक म्हातारा तर गेला."

"कोळसा लाल नसंल झाला."

"लाल झाला तरी, आई. धूर दिसत नाही, वास येत नाही. डोकं दुखतं, झोप लागते आणि माणूस उठतच नाही. ही घरं बंद असतात ना सगळीकडून."

 नागपूरच्या खोलीला कौलं होती, आणि कौलांमधून आभाळ दिसायचं. समोरच्या घराला प्लॅस्टिक होतं. "सुजाता, समोर कोणाला तरी पाठव," त्या म्हणाल्या. "पद्मिनीच्या घरी. आत्ता." आणि फोन तसाच लोंबकळत ठेवून निघाल्या.

एका हातात टॉर्च, एका हातात ओंडका. वारा त्यांना उभं राहू देत नव्हता, रस्ताभर फांद्या पडलेल्या. साठ पावलांचा रस्ता, पण संपता संपेना. दार वाजवलं, हाका मारल्या. कोणी उठलं नाही. मग त्यांनी दाराशेजारची काच ओंडक्याने फोडली आणि हात घालून कडी काढली. हाताला काच लागली ते त्यांना उद्या कळणार होतं.

झोपायच्या खोलीत ओव्याचा वास कोंदला होता. शेगडी मधोमध, निखारे लालबुंद. पद्मिनी पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली, मान एका बाजूला कललेली, आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मृणालिनी. बाईंनी आधी पोरीला उचललं. पोर लुळी लागली. त्यांनी तिला तसंच उघड्यावर, वाऱ्यात नेलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. "रड," त्या म्हणत होत्या, "रड गं माये, रड." आयुष्यात कधी कुणापुढे हात न पसरलेली बाई त्या एवढ्याशा जिवाची विनवणी करत होती. कितीतरी वेळाने पोर खोकली, आणि मग रडली. तिला ओसरीवर शालीत ठेवून बाई परत आत गेल्या आणि पद्मिनीला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं. ती ओकली, मग तिने डोळे उघडले.

आगीच्या बंबाची माणसं तासाभराने आली, गाडी लांब ठेवून चालत. दोघींना ऑक्सिजन लावला, पोरीचे डोळे तपासले, आणि वाचलात, रस्ते उघडले की दवाखान्यात दाखवा, म्हणाले. मग त्यांच्यातल्या थोरल्याने पद्मिनीला जरा रागाने काहीतरी विचारलं. बाईंना तेवढं इंग्रजी कळत होतं. घरात कोळसा आणायचं डोक्यात कुणी घातलं, असं तो विचारत होता.

"माय आयडिया," पद्मिनी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पद्मिनीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रात्रभर दोघी मायलेकी बाईंच्या स्टोव्हपाशी झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच होत्या, दुसरीकडे जाणार कुठे? पद्मिनी जेवली, चहा प्यायली, कमी बोलली. पण पोरीला बाईंच्या मांडीवर तिने दिलं नाही. बाई हात पुढे करायच्या, ती म्हणायची, राहू दे काकू, झोपतेय. दोनदा झालं, तिसऱ्यांदा बाईंनी हात पुढे केलाच नाही. हिला आपला संशय येतोय, हे त्यांना कळून चुकलं. जन्मभर त्यांच्याकडे संशयाने बघणारे पुष्कळ भेटले होते, आणि त्या सगळ्यांना त्यांनी ताठ मानेने तोंड दिलं होतं. आज मान वर होईना, कारण आज पद्मिनीचं काही चुकत नव्हतं. खोटं का बोलली ती त्या माणसापुढे, हेही त्यांना उलगडत नव्हतं.

दुपारी वारा पडला. रेडिओवाल्याने सांगितलं, पूल उघडला. आता तासाभरात शैलेंद्र येणार.

"काकू," पद्मिनी म्हणाली. तिची नजर स्टोव्हमधल्या आगीवर होती. "तुम्हाला माहीत होतं?"

नाही, म्हटलं असतं तर संपलं असतं. ते खरंही होतं.

"कोळशाचं नव्हतं माहीत," बाई म्हणाल्या. "तुझ्या पोरीची शपथ. पण तुला इकडं यायचं हाय हे माहीत होतं. फोनवरच कळलं होतं. मी मुद्दाम ये म्हटलं नाही. राग होता माझ्या मनात. हे तुझ्या नवऱ्यालाही मी सांगन. माझ्या तोंडानं."

 पद्मिनी उठली, पोरीचं दुपटं सारखं केलं आणि खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं.

"त्याला सांगू नका, काकू."

"काहून?"

"तो म्हणेल, मी सांगत होतो ना, या लोकांच्या घरी जात जाऊ नकोस." ती अजून रस्त्याकडेच बघत होती. "आणि आता मला त्याला काही उत्तर देता येणार नाही."