एकवीस प्रकरणांचा प्रबंध

त्र्यंबकराव ठाण्यात हेडमास्तर होते, आणि ही गोष्ट ते समोरच्याला घटकाभरही विसरू देत नसत. १८८३ साली मुंबईतल्या एका विद्वत्सभेने ठाण्याच्या मिठागरांवर प्रबंध मागवले. मुदत तीन वर्षांची. त्र्यंबकरावांनी त्याच दिवशी कल्याणला आपल्या मेहुण्याला, हरिहरला, पत्र टाकले : 'तुझे अक्षर बरे आहे. दर रविवारी येऊन माझ्या प्रबंधाची शुद्ध प्रत करीत जा.'

हरिहर कचेरीत कारकून. तेवढीच थोरल्या बहिणीची, सुमतीअक्काची, भेट होईल म्हणून तो येऊ लागला. पहिल्याच रविवारी पाहतो तो भिंतीवर तांबड्या शाईत वेळापत्रक : सोमवारी चिंतन, मंगळवारी संदर्भ, बुधवारी पुनश्च चिंतन. लेखनाला शनिवार राखला होता. पण शनिवारी त्र्यंबकरावांचे डोके दुखे.

पहिल्या वर्षात अनुक्रमणिका झाली. एकवीस प्रकरणे. हरिहरने ती अकरा वेळा शुद्ध लिहिली. मग अर्पणपत्रिका. ज्या साहेबाला अर्पण करावी त्याची बदली होई, की पुन्हा नवा साहेब, नवी विशेषणे. मग प्रस्तावना निघाली ती थेट समुद्रमंथनापासून, आणि दीडशे पाने झाली तरी तिला ठाण्याची खाडी काही दिसेना.

"भावोजी, मिठागर पाहिलंत का हो एकदा तरी?"

"पाहायचं काय त्यात? ग्रंथ ग्रंथांवरून होतो, हरिहरा. चिखलावरून नव्हे."

"जोडे नवे आहेत," स्वयंपाकघरातून सुमती म्हणाली.

टोमणे मारून मारून हरिहरने शेवटी त्यांना कोलशेतच्या मिठागरावर नेले. गुणाजी नावाचा म्हातारा आगरी बांधावर उभा राहून सांगू लागला : भरतीचे पाणी कसे घ्यायचे, वाफ्याचा तळ पायांनी किती दिवस तुडवायचा. त्र्यंबकरावांनी त्याला मध्येच तोडले.

"शास्त्रात लवणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. तुझ्याकडे एकच दिसतो."

"मंग शास्त्रातूनच काडा ना मीठ, मास्तर," गुणाजी म्हणाला आणि कामाला लागला.

पुढच्या रविवारी, त्र्यंबकराव बाहेर गेलेले पाहून, हरिहरने अक्काला त्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

"अडीच वर्षं येऊन नुसते दात काढतोयस. त्यांनी निदान दीडशे पानं भलतंसलतं लिहिलं तरी. तू काय लिहिलंस?"

हरिहरला ते फार झोंबले. पुढच्या रविवारी तो ठाण्याला उतरला तो बहिणीकडे न जाता वही घेऊन तडक कोलशेतला. गुणाजी बोले, तो लिहून घेई. घरी येऊन रोज दोन पाने जुळवी, अडले तर पुढच्या रविवारी विचारी. मध्येच त्यालाही प्रस्तावनेची हुक्की आली. तीन पाने लिहिली, वाचली, भावोजींचाच आवाज ऐकू आला. फाडून चुलीत घातली. मुदत संपायच्या आठवड्यात सत्तर पाने टपालात पडली.

त्र्यंबकरावांनीही प्रस्तावना पाठवली, सोबत चिठ्ठी : 'उर्वरित प्रकरणे मनात सिद्ध आहेत.' सभेने ती जशीच्या तशी परत केली. हरिहरचा प्रबंध छापला. त्र्यंबकराव चार दिवस डोके दुखते म्हणून पडून राहिले. पाचव्या दिवसापासून भेटेल त्याला सांगू लागले, "मार्गदर्शन आमचंच. पोराला काही येत नव्हतं."

हरिहरने त्यांना सांगू दिले. तो पुस्तक घेऊन ऐटीत कोलशेतला गेला आणि गुणाजीला वाचून दाखवू लागला. नवव्या पानावर म्हाताऱ्याने हात वर केला.

"हितं चुकलाव. मीठ धरतं त उत्तरेच्या वाऱ्यानं. तुमी दक्षिणेचा लिवलाव. आन एवड्या वेळा इचारलंत!"

हरिहरचे तोंड उतरले. घरी असलेल्या चाळीस प्रतींत त्याने ती ओळ हाताने दुरुस्त केली. मुंबईला गेलेल्या प्रती तशाच राहिल्या. तिथल्या एकाही विद्वानाला ती चूक कधी सापडली नाही.