गावाले गेली

"उभी राह. खुर्ची तुझ्यासाठी नाही ठेवली इथं."

साहेब हे बोलला तेव्हा मी बसलीही नव्हती. खुर्चीच्या पाठीले नुसता हात लावला होता. मे महिन्याच्या उन्हातून आली होती, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली होती, म्हणून धरली. माझ्या आधी एक शेठ आला होता, कापड दुकानवाला. तोही आमच्यासारखाच सीमेपलीकडून आलेला, तोही नागरिकत्वासाठीच आलेला. त्याच खुर्चीवर बसून चहा पिऊन गेला. त्याचा कप अजून टेबलावरच होता.

साहेबानं माझी फाइल उघडली. हवालदारानं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, साऱ्या खोलीले ऐकू जाईल असं. "अर्जदार पत्त्यावर मिळून आली नाही. शेजारी चौकशी केली असता गावी गेल्याचे समजले." मंग चष्मा वर केला. "कोणतं गाव गं तुझं? सिंध?"

बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले.

मी म्हटलं, साहेब, मले गावच नाही. मी कुठी गेली नव्हती. माय दवाखान्यात भरती होती, मी तिच्यापाशी होती, इथंच, नागपुरात. पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून समोर ठेवला.

"हा आईचा आहे. तुझा कुठं आहे?"

आता दवाखाना कागद देते तो भरती झालेल्याचा. खाटेपाशी स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घालणाऱ्या पोरीले कोण कागद देते? पण हे मी बोलली नाही. तेव्हा मी बोलत नसे. तो पानं चाळत राहिला अन् माझ्या बाच्या जुन्या दाखल्यावर थांबला.

"मेघवाड म्हणजे काय?"

बाजूचा म्हणाला, "तिकडचे चांभार, साहेब."

"अरे, मग इथले काय कमी पडले होते?"

आता पुरी खोली हसली. चहाचा कप न्याले आलेला शिपाईही हसला. मीही हसली. हेच मले अजून डसते. तोंड आपोआप वाकडं झालं अन् मी त्यायच्यासंगं हसली.

आम्ही तिकडून आलो तेव्हा मी एवढीशी होती, दुधाचे दात पडून राहिले होते. तिकडं आमची विहिरीवरची बादली वेगळी होती. बा म्हणे, हिंदुस्थानात चाला, तिथं आपली माणसं आहेत. आलो. आपली माणसं भेटली बी. त्यायनं पहिले जात विचारली, मंग खोली नाही म्हणाले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शेवटी उत्तर नागपुरात बौद्धांच्या वस्तीत खोली भेटली. शेजारच्या कौसल्यामावशीनं जात विचारली नाही. बाले विचारलं, "जेवले का गा?"

तिथंच वाढली. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकली. बा चौकात चपला शिवत शिवतच गेला. मी एका दुकानात साड्यांचं फॉल-पिको करते. सिंधी मले चार शब्द येत नाही, अन् सरकारच्या कागदावर मी पाकिस्तानी. परवानगीशिवाय शहराची हद्द ओलांडायची नाही. मावशीच्या पोरीचं लग्न उमरेडले झालं, अख्खी वस्ती एस.टी. करून गेली. आम्ही मायलेकी घरी. माय दिवसभर दारात बसून होती, नवं लुगडं नेसून.

मंग हे गाव आलं कुठून?

त्या दिवशी घरी येऊन विचारलं, "पोलीस आला होता का वं मावशी?"

"आला होता ना. तुहं नाव घेऊन विचारून राहिला होता. मी सांगतलं, गावाले गेली." मावशीचा चेहरा कसा खुलला होता. "मी काय येडी आहे का, तुले त्याच्या हाती द्याले?"

हे कळाले आमच्या वस्तीत राहावं लागते. एकदा शहर बंद होतं, दगडफेक झाली होती कुठंतरी. मावशीचा पोरगा घरात झोपला होता. पोलिसानं विचारलं, शेजारच्या म्हातारीनं खरं सांगतलं, आत आहे. त्यायनं झोपेतून ओढून नेला. आला तो लंगडत. अजून लंगडते. तवापासून पोलिसानं कोणाचं बी नाव घेतलं का वस्तीतलं लेकरूही सांगते, गावाले गेला. ज्यायले गाव आहे ते जातात, ज्यायले नाही तेही जातात. आपला माणूस वाचवायची वस्तीची हीच एक रीत. बाकी वस्तीपाशी आहे काय?

अन् पोलीस अर्जाच्या चौकशीले येणार हे मी मावशीले सांगतलं नव्हतं. ऑफिसातच बजावलं होतं, चौकशी गुप्त असते, कोणापाशी बोलायचं नाही. मावशीनं मले वाचवलं. असं वाचवलं का मी बुडाली. फाइलीवर शेरा पडला, विनापरवाना शहराबाहेर.

मावशीले समजावून सांगतलं तशी ती मटकन खाली बसली. "माय वं," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मले न सांगता चौकीत गेली. म्हणाली, मी खोटी बोलली, पोरगी दवाखान्यात होती. हवालदारानं हाकललं. "म्हातारे, खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लावू का तुझ्यावर?"

त्याच्यानंतर नुसती वाट. माझी फाइल दिल्लीले गेली, तिच्यासंगं बांधलेली मायची बी. दिल्लीवरून परत आली. पुन्हा चौकशी होईल. कधी होईल? कळवू. ज्यायनं आमच्या मागून अर्ज केले त्यायले कागद भेटले, पेढे वाटले. तो कापडवाला शेठ मले रस्त्यात म्हणाला, "सब्र रख, बेटी." त्याले काय जाते सांगाले. नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं, मावशी म्हणे, पण त्या नकटीचं लग्न कधीतरी लागत तरी असंल.

मायले एकच हौस होती. बोटाची शाई. मतदानाच्या दिवशी ती मावशीसंगं शाळेच्या फाटकापर्यंत जाये अन् मावशीची पिशवी धरून बाहेर उभी राहे. मावशी बाहेर आली का तिचं बोट हातात घेऊन पाहे. म्हणे, "औंदा नाही तर पुढच्या टायमाले." मी घरी तिच्यावर चिडायची. काहून जाते तिथं, भिकारणीसारखी उभी राहाले? ती म्हणे, "पाहाले काय मनाई आहे का?"

मागच्या थंडीत माय गेली. पुन्हा चौकशी काही झाली नव्हती. घाटावर वस्तीतल्या माणसायनं नेलं. त्या लंगड्या पोरानं खांदा दिला.

परक्या देशाचा माणूस मेला तरी ऑफिसात कळवावं लागते, त्याचा पासपोर्ट जमा करावा लागते. मी गेली. तोच साहेब. त्यानं मायचा पासपोर्ट ड्रॉवरमधी टाकला अन् म्हणाला, "हिची फाइल बंद." दोन शब्द दुसरे नाही. मंग माझ्याकडं पाहिलं. त्याले काय वाटलं काय माहीत. कदाचित दयाच आली असंल.

"बस," म्हणाला.

खुर्चीकडं बोट केलं. एक कोरा कागद सरकवला, वर पेन ठेवला. "लिही. शेजारणीनं पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती दिली, माझा त्यात दोष नाही. तिचं नाव-पत्ता घाल. तुझ्यावरचा शेरा निघेल, फाइल पुढं सरकेल."

"अन् तिचं काय होईल?"

"तिचं आम्ही पाहू."

खोटं कशाले बोलू, माझा हात पेनाकडं गेला. मले हवंच होतं ते. त्या एका कागदासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं, मायचं पुरं गेलं. लिहायचं ते काही खोटंही नव्हतं. मावशी खोटी बोललीच होती. दोन ओळी लिहायच्या अन् मोकळं व्हायचं. मी खुर्चीच्या पाठीले हात लावला.

अन् मले ते हसू आठवलं. त्यायचं नाही, माझं. चक्कर येऊन राहिली होती तेव्हा ही खुर्ची भेटली नव्हती. माय यायची तेव्हा पायरीवर बसायची, तिले भेटली नव्हती. आज भेटून राहिली, काहून? जिनं जात न विचारता आम्हाले जेवू घातलं, तिले पोलिसाच्या हाती द्यायची म्हणून. यायच्या घरची खुर्ची अशीच भेटते. आपल्यातलं कोणीतरी खाली पाडलं तरच भेटते.

मी हात काढला. म्हटलं, "मी उभीच बरी आहे."

"काय?"

"मी नाही लिहून देत. पोलिसाले भिऊन माणूस खोटं बोलते, तर चौकशी पोलिसाची करा. तिची काहून करता?"

आता कोणी हसलं नाही. साहेबाचं तोंड लाल झालं. "मग राहा अशीच. केस पिकतील वाट पाहून."

"पिकू द्या."

मेलेलं कोंबडं आगीले भीत नाही. माझ्यापाशी आता माय नव्हती, का तिच्यासाठी मान खाली घालू. कोरा कागद तसाच त्याच्याकडं सरकवला अन् आली.

याच्यानं माझं काही भलं झालं नाही. शेरा तसाच आहे. फाइल कुठी आहे ते कोणी सांगत नाही. अंगठ्याचे ठसे दर वेळेस घेतात, जसं काही मधल्या काळात माझा अंगठा बदलला. मले नागरिकत्व भेटंल असं वाटत नाही, अन् भेटंल असं मी कोणाले सांगतही नाही.

कौसल्यामावशी आता भलतीच भेदरली आहे. पोस्टमन आला, गॅसवाला आला, तरी ओरडून सांगते, "घरीच आहे वं, घरीच आहे," अन् मी असते दुकानात. परवा म्हणाली, "पुन्हा पोलीस आला तर काय सांगू बाई? तूच शिकवून ठेव."

मी तिले काही शिकवलं नाही. शिकवणारही नाही. तिच्या तोंडी जे येईल ते तिनं सांगावं. घरी आहे म्हणावं, गावाले गेली म्हणावं, मेली म्हणावं. माझी फाइल कुजू दे. तिच्या नावानं माझ्या हातून एक अक्षर निघणार नाही.