हरताळातला लालबागचा लेथ

बाबांच्या कारखान्याचा इतिहास लिहून द्यायचं मी घरच्यांना कबूल केलं होतं, पण एका दिवसाशी पेन अडलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कडकडीत हरताळ असताना बाबांनी कारखाना चालवला, असं सगळे म्हणत. कॉन्व्हेंटमध्ये वडिलांवर निबंध लिहिताना मी कारखाना गाळूनच टाकला होता. आता सत्तरी उलटली. खरं-खोटं एकदा बघावं म्हणून मागच्या रविवारी शीवहून निघाले.

आधी फणसवाडी. इथल्या एका खोलीत बाबांनी हाताच्या ड्रिलवर मागांचे सुटे भाग करायला सुरुवात केली. वाडी अजून आहे, खोली मात्र कुणाला दाखवता येईना. जवळच मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पाणी सोबत ठेवा. तिथून टॅक्सीनं लालबाग. रविवारी सकाळी रस्ता मोकळा मिळतो, तेव्हाच जा.

पुढे बाबांनी लालबागला गाळा घेतला होता. लोखंड कातायचा एक लेथ, चार कामगार, गिरण्यांसाठी लहान दातेरी चक्रं. हरताळानंतर तिघं सोडून गेले, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. चार महिन्यांत कारखाना बंद, आणि मी शाळेत असतानाच बाबा गेले. आज त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकताहेत. शेजारचा चिवडेवाला म्हणाला, "करी रोडच्या टॉवरमध्ये परबआजोबा आहेत, जुने गिरणी कामगार. त्यांना भेटा. कान शाबूत आहेत, जीभ तर विचारूच नका!"

टॉवर चालत दहा मिनिटांवर. परबकाकांची नव्वदी जवळ आलेली. त्यांच्या नातसुनेनं चहा दिला. मी बाबांचं नाव सांगितलं, आणि धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी कारखाना खरंच चालू होता?"

"चालू होतो तर!"

मी कप खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला.

"अगो, रडतंस कित्याक? लाठीमारात माझो पाय मोडलो. तुझ्या बापाशीन माका आत घेतल्यान. हाडवैद्य पाय वढत होतो, मी बोंबलत होतंय. बोंब भायर जाव नये म्हणान बापाशीन लेथ सुरू केल्यान. दिसभर रिकामो फिरवल्यान. लोखंडाचो कीस म्हणून पडलो नाय!"

पोलीस दारात आले, चालू लेथ बघून बाबांना "शाबास" म्हणाले आणि निघून गेले. नेमकं तेवढंच शेजाऱ्यांनी ऐकलं. चळवळीत लाठी खाल्ल्याचं कळलं तर परबकाकांची गिरणीतली नोकरी गेली असती. कुणाला सांगणार नाही, हा शब्द बाबांनी आईपाशीसुद्धा पाळला. काका पाय बरा करायला गावी गेले, परतले तेव्हा गाळ्याला कुलूप होतं.

निघताना काका म्हणाले, "सांग सगळ्यांका. आता माका कोण कामावरसून काढतलो?"

घरी येऊन चपलाही न काढता दादाला फोन केला. लहानपणी शेजारची पोरं त्याला 'फितुराचा पोर' म्हणून खेळायला घेत नसत. मी सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं,

"तुझ्याकडे बाबांचा एखादा फोटो आहे का गं? माझ्याकडे एकही नाही."