पोकळी कॅसेटवाले दाजी

आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पाहायला आले त्या दिवशी दाजींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. स्वयंपाकाचा नाही, शिक्षणाचा नाही. पोह्यांच्या बशीला हात लावायच्या आधी त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "तेवढा पंखा बंद करा." घनसावंगीतलं आमचं पत्र्याचं घर, बाहेर एप्रिलचं ऊन. पाहुण्यांना वारं सोसत नसेल असं समजून बाबांनी मला खूण केली आणि मी बटण दाबलं. बैठकीतले सगळे घामानं निथळायला लागले. दाजी डोळे मिटून बसले होते. मग सावकाश म्हणाले, "पंख्याच्या आवाजात माणूस खोटं बोललेलं कळत न्हाई. आता सांगा मामा, पोरीला मागच्या साली टायफाइड झाल्ता का?"

झाला होता. तो बोलायचा नाही असं घरात ठरलं होतं, आणि ठरवताना मीच सगळ्यात हुशारी दाखवली होती. बाबा म्हणाले, "न्हाई. म्हणजे, तसा थोडा." दाजींनी डोळे उघडले. "जमलं," ते म्हणाले. "ज्या घराला धड खोटं बोलता येत न्हाई, तिथली पोरगी आपल्याला बराबर राहील." मग त्यांनी पोहे खाल्ले, पण आधी आमच्यातल्या एकाला त्यातले खायला लावून.

असा हा संशयी माणूस कुंभार पिंपळगावात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याचे खिसे बघायचा. पोस्टमनला दारातच उभा करायचा. मी तर बायकोचा भाऊ, म्हणजे जन्माचा संशयित. त्यांनी मला कधीही नावानं हाक मारली नाही. मला "पाव्हणे" म्हणत, आणि त्या "पाव्हणे"मध्ये 'कधी निघणार' हा प्रश्न कायम दडलेला असे. "आवाज कधी येकटा येत न्हाई पाव्हणे," ते म्हणत, "त्याच्या मागं कुणीतरी असतंच." कोण असतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

लग्नसराई संपली की ऑर्केस्ट्रातली पोरं दाजींच्या दुकानात येऊन बसायची. त्यांचा म्होरक्या बंडू. तो बँजो वाजवी. वरातीत असतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. एका दुपारी त्याच्या बँजोचा एक सूर ऑर्केस्ट्राच्या निवेदकाचा आवाज घुमवणाऱ्या इको मशीनमध्ये शिरला आणि बाहेर यायचं नावच घेईना. गोल गोल फिरत, जाड होत, लांब लांब जात राहिला. बंडू बटण बंद करायला धावला, तर दाजींनी त्याचा हात धरला. "थांब. कुठं जाऊन राह्यलाय ते पाहू दे."

पोरं त्या सुराच्या मागे मागे वाजवत गेली आणि चहा गार होईपर्यंत वाजवत राहिली. बंडूचा एक चुलतभाऊ औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला तेव्हा ऐकून म्हणाला, "दाजी, याला स्पेस रॉक म्हणतात, अंतराळात तरंगल्यासारखं. बाहेरच्या देशात वाजवतात."

"कोण वाजवतंय?"

"गोरे लोक वाजवतात."

दाजींचा चेहरा उतरला. "त्यांच्याकडं आपला आवाज गेला कसा?"

तिथून पुढे दाजींचं सगळं आयुष्य त्या आवाजाच्या राखणीत गेलं म्हटलं तरी चालेल. पोरांनी नाव घेतलं 'उल्का पार्टी' आणि त्यांची कॅसेट काढायची म्हणून दाजींनी कंपनी काढली, 'पोकळी कॅसेट'. मागच्या अंगणातली सरकी ठेवायची खोली त्यांनी रिकामी केली आणि चारी भिंतींना कापूस भरलेली पोती बांधली, म्हणजे आतला आवाज बाहेर जायला नको. यात एक चूक झाली. कापूस बाजारात न नेता भिंतीला बांधणारा माणूस आमच्या तालुक्यानं पाहिला नव्हता. गावात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे आत नोटा छापतात, कुणी म्हणे परदेशाशी बोलतात. शेवटी एक हवालदार चौकशीला आला. त्यानं आत बसून उल्का पार्टीची एक अख्खी बाजू ऐकली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चौकशी न करताच उठला. तो गेल्यावर दाजी म्हणाले, "हा ध्यानात ठेवायला आल्ता. घरी जाऊन वाजवंल." हवालदार कशावर वाजवणार, शिट्टीवर? पण हे मी मनात म्हटलं.

मला त्या संगीतातलं काय कळत होतं, तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विहिरीवरचा पंप कोरडा चाललाय असं समजून मी बंद करायला उठलो होतो. पण गंमत अशी, की शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावाची वीज मंद व्हायची आणि इको मशीनमधली टेप खरंच हळू फिरायची. सूर खाली बसायचा, जड व्हायचा. पोरांनी आधी कपाळाला हात लावला. मग त्यांना तेच आवडायला लागलं. मोटारी सुरू व्हायची वाट बघून ती वाजवायला बसत. उन्हात तापलेल्या रानात पाणी सुटतं तेव्हा जसं थंड वाटतं, तसं त्या जागी वाटायचं. हे मी दाजींना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पाव्हणे, हे तुम्हाला कुणी सांगलं?"

आता मुख्य गोष्ट. दाजी एका वेळी एकच कॅसेट भरत. समोर बसून, पूर्ण ऐकून. मशीन मधेच काही गाळतं असा त्यांना संशय होता. आणि पहिल्या बाजूच्या मधोमध, जिथं सगळी वाद्यं थांबून नुसता इको उरतो, तिथं ते माइक तोंडाशी धरून घेणाऱ्याचं नाव बोलत: "ही कॅसेट अमक्या गावच्या अमक्याची." उद्या कुणी नक्कल करून विकली तर चोर आपल्या नावासकट सापडला पाहिजे. माइकही त्याच इकोतून जायचा, त्यामुळे ते नाव "ची… ची… ची…" करत दूर कुठेतरी निघून जायचं.

दुर्दैवानं त्याच सुमारास मी डबल डेकचा टेपरेकॉर्डर घेतला. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवणारा. नवी नोकरी, नवं लग्न, नवी मिजास. दाजी बघायला आले, दोन्ही कप्पे उघडून आत बोट फिरवून पाहिलं आणि चहा न घेता गेले. त्या यंत्रानं पुढे टेपा चावण्यापलीकडे काही केलं नाही. पण पोकळी कॅसेटच्या दरबारी माझी फाइल तिथंच बंद झाली.

उल्का पार्टीची पहिली कॅसेट पिंपळगावच्या आठवडी बाजारात निघायची होती. बंडूच्या वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, या बाजाराला काही झालं तर ठीक, न्हाईतर पुण्याला मामाच्या कंपनीत जायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी मी घनसावंगीहून रफिकभाईच्या काळ्यापिवळ्या जीपमधून बहिणीकडे निघालो, तर जीपच्या टेपमध्ये उल्का पार्टी. मला इतका आनंद झाला, की दारातूनच ओरडलो, "दाजी, तुमचं गाणं जीपच्या लाइनीवर वाजून राह्यलंय!"

मी जन्मात अनेक मूर्खपणे केलेत. त्यात याचा नंबर वरचा. दाजींच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली पडला. बंडू समोरच बसला होता. आक्का चहा घेऊन बाहेर आली होती, ती कप ठेवून तशीच आत गेली.

"मागच्या आठवड्यात मुक्कामाला कोण होतं?" दाजींनी भिंतीला विचारलं. मी होतो. "डबल डेक कोणाकडं हाय?"

"दाजी, आईची शपथ."

"शपथेचा खर्चा काय येतो पाव्हणे? बंडू, हा माल चोरीचा झाला. बाजाराच्या आधी आवाज बाहेर गेला म्हणजे तो आपला राह्यला न्हाई. मूळ टेप पुसून टाकतो."

"दोन उन्हाळे गेले हो दाजी त्याच्यात," बंडू म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि बँजोच्या पिशवीचे बंद बांधायला लागला. ते बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "पुसायच्या आधी जीपमध्ये चला, मधोमध कुणाचं नाव आहे ते ऐका. माझं नाव निघालं तर टेपरेकॉर्डर तुमच्या दारात फोडतो."

तिघं स्टँडवर आलो. रफिकभाईची जीप भरली होती, माणसं टपावरही बसली होती. कॅसेट कुणी दिली ते तो सांगेना. "नाम नै बोलने का बोले," म्हणाला. "पर दाजी, अजब गाना है. न सुरू होता न खतम. लेकिन ये बजता तो सवारी लोगां झगडते नै."

"तोंडाचा मला भरोसा न्हाई, लाव टेप," दाजी म्हणाले. आम्ही तिघं पुढच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर बसलो. सूर फिरायला लागला, वाद्यं एकेक करून मागे पडली, आणि दाजी म्हणाले, "गाडी बंद करा." सवाऱ्या कुरकुरल्या. रफिकभाईनं इंजिन बंद केलं. बंडूनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. आधाराला की पळू नये म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग दाजींचाच आवाज आला. "ही कॅसेट शकुंतलाची… ची… ची…"

शकुंतला म्हणजे आमची आक्का. आमच्याकडे त्या पिढीतला नवरा बायकोचं नाव घेत नसे. दाजी आक्काला "ऐकलं का" म्हणत. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा माइकची वायर बघतो म्हणून ते मांडवातून सटकले होते, ते जेवणाच्या पंगतीलाच परत आले. आणि आता भर स्टँडवर, भरलेल्या जीपमध्ये, त्यांच्याच आवाजात ते नाव घुमत होतं आणि संपत नव्हतं.

मागून गाठोडं घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कोण रं बाबा ही?"

दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "घरची," ते म्हणाले.

घरी आलो. आक्का ज्वारी पाखडत होती. दाजींनी उंबऱ्यातूनच विचारलं, "तू देली?"

"देली."

"तुला इमानानं देल्ती मी. नाव घातलं ते चोर कळावा म्हणून."

"मंग कळला की," आक्का म्हणाली. तिचं सूप थांबलं नाही. "इतकी सालं 'ऐकलं का, ऐकलं का'. आता तुम्ही माझं नाव घेतलंय, ते साऱ्या लाइनीला कळू दे म्हणलं."

दाजी कापसाच्या खोलीत गेले आणि आतून कडी लागली. मी आणि बंडू अंगणात उभे राहिलो. ती खोली बांधलीच अशी होती, की आत टेप पुसतायत की वाजवतायत हे बाहेर कळायला मार्ग नव्हता. बंडू पोत्याच्या भिंतीला कान लावून थकला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दाजी आमच्याकडे न बघता म्हणाले, "बंडू, रिकाम्या कॅसेटी आण. जल्दी."

दुसऱ्या दिवशी बाजारात रफिकभाईच्या सवाऱ्याच आधी आल्या. त्यांना ते गाणं हवं होतं, पण नाव घालून. कुणाला स्वतःचं, कुणाला बायकोचं. त्या म्हातारीला तिच्या म्हशीचं हवं होतं. दाजींनी नाव घातलं होतं चोर पकडायला. लोकांना वाटलं, आभाळातून आपल्याला हाक मारतात. दुसऱ्याच्या नावाची नक्कल घरात कुणाला नकोच होती, त्यामुळे चोरीही झाली नाही. याचाही दाजींना संशय आला. "कुणीच चोरत न्हाई म्हणजे काहीतरी गडबड हाय."

बंडू पुण्याला गेला नाही. उल्का पार्टीचं बघून आणखी पोरं आली. लांबच्या धावडा गावचा एक ढोलवाला तर गाड्या बदलत बदलत, ढोल मांडीवर घेऊन यायचा. पोकळी कॅसेट बरीच वर्षं चालली. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, नाव बोलून घ्यायला कुणाला वेळ उरला नाही. मी दर दिवाळीला म्हणायचो, "दाजी, आमची एक कॅसेट?" ते म्हणायचे, "डबल डेक हाय का अजून?" मी म्हणायचो, त्याचा एक कप्पा कधीचा मेला. ते म्हणायचे, "एक हाय ना. बघू."

शेवटच्या आजारपणात ते डॉक्टरांनाही खोलीतला पंखा बंद करायला लावत. मी गेलो तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणे, मी बरा होणार का?" पंखा बंदच होता. मी म्हटलं, "होणार की." त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं आणि हसले. "तुमच्या घरात कुणालाच जमलं न्हाई बघा," म्हणाले.

तेराव्यानंतर आक्कानं कापसाची खोली उघडली, आणि दुपारी एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. वर काही लिहिलेलं नव्हतं. मी ती घरी आणून त्या जुन्या यंत्राच्या जिवंत कप्प्यात घातली. उल्का पार्टीच होती, पहिलीच. वाद्यं एकेक करून मागे गेली. मग त्यांचा आवाज आला.

"ही कॅसेट दिगंबरची… ची… ची…"

दिगंबर मी. ते घुमणं विरेपर्यंत मी श्वास धरून बसलो. वाटलं, झालं. पण दाजी अजून माइक धरून होते. "अजून देली न्हाई," ते म्हणाले. "बघून राह्यलो."

बायको दारात आली. म्हणाली, "एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून काय बसलात? लावू का?"

म्हटलं, "थांब जरा. दुसरी बाजू राहिली आहे."