प्रज्ञाचा आवाज

घोजगे मॅडम चौदा वर्षं यंत्रांची गती शिकवत होत्या. आता त्यांनी यंत्रांची बुद्धी शिकवायची आहे, हे त्यांना एका मे महिन्यात रंगाऱ्याकडून कळलं.

लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून आत, विद्याशिखर तंत्रनिकेतन नावाची चार मजली पिवळी इमारत आहे. तिथल्या यंत्र विभागाच्या पाटीवर रंगारी शिडीवरून पांढरा हात मारत होता. मॅडमनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचा विभाग पुसतोय. वर नवीन येणारे. अक्षरं लय हायेत, बसत्यात का बघतो."

अक्षरं बसली नाहीत. 'कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव' एवढं एका ओळीत मावलं आणि उरलेलं 'शास्त्र' खाली गेलं. खाली प्राचार्यांच्या एसीचा डबा आडवा होता. त्यामुळे विभाग शास्त्राशिवायच सुरू झाला.

प्राचार्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्या कॉलेजात प्राचार्यांचा चहा म्हणजे काहीतरी गळ्यात पडणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

"यंदापासून तुम्ही नव्या विभागाच्या प्रमुख," ते म्हणाले.

"सर, मला त्यातलं काही येत नाही."

"मॅडम, यंत्र शाखेला मुलं येत नाहीत आणि तुम्हाला एआय येत नाही. दोन्हींतलं सोपं काय, तेवढं दुरुस्त करू."

दुरुस्ती पाच दिवसांत झाली. मॅडमनी घरी बसून ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. शेवटी परीक्षा होती. उत्तर चुकलं की खूण लाल व्हायची आणि हिरवी होईपर्यंत दुसरी उत्तरं दाबत बसता यायचं. मॅडमना अठ्ठ्याण्णव टक्के पडले. ते दोन टक्के कुठे गेले हे त्यांना अजून उमगलेलं नाही. प्रमाणपत्र चौकटीत बसून प्राचार्यांच्या भिंतीवर गेलं.

वराळ्याला घरी सासरे भिमाजी आबांनी ही बातमी देवळासमोरच्या कट्ट्यावर नेली. "आमची सून आता रोबोट शिकवती. अजून दोन वर्सांनी म्हशीची धार रोबोट काढंल बघा." कुणीतरी विचारलं, मग शेण कोण काढणार. आबा म्हणाले, "त्याला माणसं हायेत की."

जूनमध्ये साठच्या साठ जागा भरल्या. मॅडमनी इंटरनेटवरून उतरवलेल्या रंगीत चित्रांवर पहिले पंधरा दिवस निभावून नेले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास, तिचे फायदे, तिचे तोटे, तिचं भविष्य. ती असते कशी, एवढं सोडून सगळं.

दुसऱ्या बाकावर रूपा केवारी बसायची. वलवणच्या धरणावरच्या ठाकरवाडीतून रोज तासभर चालत खाली यायची आणि मग बस पकडायची. बोलायची कमी. एके दिवशी तिने हात वर केला. "मॅडम, यंत्र शिकतं असं तुम्ही म्हणता. शिकतं म्हंजे आत काय होतं?"

"चांगला प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. शिक्षकाला उत्तर येत नसलं की प्रश्न चांगला असतो. "उद्या बघू."

उद्या चार वेळा आलं. पाचव्या दिवशी रूपाने हात वर केला नाही. ती मान खाली घालून चित्रांची नावं वहीत उतरवत राहिली, आणि मॅडमना ते कुणी तोंडावर बोलल्यापेक्षा जास्त लागलं. चौदा वर्षांत त्यांनी गिअरच्या दात्यांबद्दल एकाही पोराला उद्यावर टाकलं नव्हतं.

त्या दिवसापासून तळेगावहून लोणावळ्याला येणाऱ्या लोकलमध्ये मॅडमच्या मांडीवर वही दिसू लागली. कानात वायर, फोनवर कुठल्यातरी दूरच्या प्राध्यापकाचं व्याख्यान. आपण मॅट्रिक्स विसरलोय हे त्यांना कामशेतला कळलं आणि मळवलीपर्यंत त्या हबकून बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या मुलाचं बारावीचं गणिताचं पुस्तक मागून घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" त्या म्हणाल्या, "या वयातच. तुझ्या वयात पाठ करून पास झाले होते."

ऑगस्टमध्ये त्यांनी वर्गात पडद्यावरची चित्रं बंद केली आणि खडू उचलला. "एक सांगायचं राहिलंय. हा विषय मला येत नाही. जूनपासून मी तुमच्यापेक्षा दोन पानं पुढे आहे, एवढंच. रूपाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंय, उरलेलं मिळून शोधू."

मग मागच्या बाकावरचा हृतिक म्हणाला, "मॅडम, मग तुमची पण हजेरी घ्यायची का?" आणि हशा पिकला. मॅडमही हसल्या, आणि हजेरीपटावर एकसष्टाव्या क्रमांकाला त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं.

उत्तर तसं साधं होतं. यंत्र आधी अंदाज करतं, किती चुकलं ते मोजतं, आतले आकडे किंचित हलवतं आणि पुन्हा अंदाज करतं. हजारदा, लाखदा. पण बरोबर काय ते त्याला आधी कुणीतरी सांगायला लागतं. रूपा म्हणाली, "मंग सांगणारं माणूस पक्कं पायजे." ती म्हणाली, तिची आई तशी आहे.

तिची आई बायडाबाई तळेगावकडच्या एका पॉलीहाऊसमध्ये गुलाब निवडायची. दांड्याची लांबी, कळीचं तोंड, पाकळीवरचा डाग बघून फुलांचे ढीग लावायचे, हे तिचं अकरा वर्षांचं काम. रविवारी मॅडम आणि सात-आठ मुलं तिच्याकडे गेली. मुलं कळ्यांचे फोटो काढत होती आणि बायडाबाई एकेकीचा निकाल देत होती. "ही परदेशाला. ही पुण्याला. ही गेली, हिला आतून बुरशी हाये." बुरशी कुणालाच दिसत नव्हती. मॅडमनी कळी उलगडली, तर होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता कसं सांगू, बाई. बघितल्यावर कळतं." मग तिने फोनकडे बोट केलं. "ह्याला समदं शिकवलं, मंग मला काय काम ऱ्हाईल?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच व्याख्यानात नव्हतं. मॅडमनी या वेळी उद्या बघू म्हटलं नाही. "ठाऊक नाही," एवढंच म्हणाल्या. बायडाबाईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि पुढची कळी उचलली.

मुलांचं यंत्र दिवाळीपर्यंत उभं राहिलं. वर्कशॉपचे श्रीपती भाऊ, ज्यांना कॉलेज चतुर्थश्रेणी म्हणायचं, त्यांनी भंगारातल्या वायपरच्या मोटरवर हात बसवून दिला. फोनचा कॅमेरा, पत्र्याचा हात, सायकलची साखळी. दहातल्या सात कळ्या ते बरोबर ओळखायचं. दिसायला मात्र असं की प्राचार्यांनी बघताक्षणी त्यावर चादर टाकायला सांगितली.

कारण कॉलेजकडे दाखवायचा रोबोट वेगळा होता. संस्थेच्या अध्यक्षांनी विभागाच्या उद्घाटनाला आणलेला, पांढरा, माणसाच्या उंचीचा, छातीवर पडदा, डोळ्यांत निळे दिवे. नाव प्रज्ञा. उद्घाटनाच्या दिवशी ती हात जोडून नमस्कार म्हणाली, अध्यक्षांभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि तिसऱ्या दिवशी लोणावळ्याची ओल अंगात शिरून कायमची थांबली. तेव्हापासून ती काचेच्या खोलीत कुलपात होती. किल्ली प्राचार्यांकडे. साठ मुलांना तिच्याकडे बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती.

जानेवारीत जागा साठच्या एकशे वीस करण्यासाठी पाहणी समिती येणार असं ठरलं. मॅडमना पुन्हा चहा मिळाला.

"प्रज्ञाचे दिवे लागतात, हातही हलतो. चाकं आणि आवाज तेवढे गेलेत," प्राचार्य म्हणाले. "मागच्या स्टोअररूममध्ये तुम्ही माइक घेऊन बसायचं. आवाज बाईचाच लागतो."

"सर, ही फसवणूक आहे."

"मॅडम, तिच्या आत कृत्रिम बुद्धिमत्ता असायला हवी होती. आपण खरी बसवतोय. फसवणूक कुठे?"

मॅडम नाही म्हणाल्या. मग प्राचार्यांनी आवाज खाली आणून विचारलं की जागा वाढल्या नाहीत तर विभाग बंद होईल, मग ही साठ मुलं कुठे जातील. लाचारीला नेहमी कुणाच्या तरी भल्याचं कारण सापडतं, हे मॅडमना तेव्हाही कळत होतं. तरी त्या हो म्हणाल्या.

समिती आली. तीन पुरुष आणि एक बाई. स्टोअररूममध्ये झाडू, फिनेलचे डबे आणि माइक यांच्यामध्ये मॅडम प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. मुलं भाड्याच्या कोटांत रांगेने उभी होती. रूपाचा कोट गुडघ्यापर्यंत आला होता.

"नमस्कार. मी प्रज्ञा. विद्याशिखरमध्ये आपलं स्वागत आहे," मॅडम माइकात म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

समितीतले सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य लाडात आले. "काय गं प्रज्ञा, तुला कुणी बनवलं?"

उत्तर कागदावर लिहून दिलेलं होतं: आमच्या विद्यार्थ्यांनी. मॅडमनी कागद बघितला, मग फटीतून रूपाकडे बघितलं. ती प्रज्ञाकडे बघत नव्हती. ती सरळ स्टोअररूमच्या दाराकडे बघत होती. मॅडमचा आवाज ती ओळखणार नाही तर कोण.

"मला तयार विकत आणलंय," प्रज्ञा म्हणाली. "जूनपासून माझी चाकं बंद आहेत. विद्यार्थ्यांनी बनवलेलं यंत्र शेजारच्या खोलीत चादरीखाली आहे."

प्राचार्यांचा चेहरा प्रज्ञासारखाच पांढरा पडला. सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने सावध विचारलं, "आणि या विभागाला शिक्षक किती?"

"एक. तीही सध्या जागेवर नाही."

मग संस्थेचे अध्यक्ष मोठ्याने हसले. "साहेब, विनोदबुद्धी पण टाकलीय आपल्या पोरांनी."

आणि समिती हसली. पोट धरून हसली. ज्येष्ठ सदस्यांनी प्रज्ञासोबत फोटो काढला. "यंत्र असून किती माणसासारखं बोलते," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. स्टोअररूममध्ये मॅडम माइक धरून तशाच बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर चारचौघांत खरं बोलल्या होत्या, आणि त्याची शाबासकी प्लास्टिकच्या बाहुलीला मिळत होती.

जेवणाआधी समितीतल्या बाई हात धुवायची जागा शोधत आल्या आणि त्यांनी चुकून तेच दार उघडलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. बाईंनी माइक बघितला, झाडू बघितले, मॅडमचा चेहरा बघितला.

"आवाज छान आहे तुमचा," त्या म्हणाल्या. आणि दार हळूच ओढून घेऊन जेवायला गेल्या.

जागा एकशे वीस झाल्या. अहवालात लिहिलं होतं, अध्यापकवर्ग मजबूत करावा आणि उद्योगातल्या तज्ज्ञांना शिकवायला बोलवावं. अध्यापकवर्ग होता तेवढाच राहिला. तज्ज्ञाचं मात्र फॉर्मवर नाव लागणारच होतं, आणि प्राचार्यांनी न वाचता सह्या करायची सवय सोडली नव्हती. मॅडमनी रकाना भरला: श्रीमती बायडाबाई केवारी, फुलांची प्रतवारी, अनुभव अकरा वर्षं. फॉर्म पुढे गेला आणि मंजूर होऊन परत आला.

पुढच्या जुलैत बायडाबाई कॉलेजात आली. पॉलीहाऊसच्या मालकाने एव्हाना बाहेरून एक यंत्र आणलं होतं. कळ्या आता तेच निवडायचं, आणि त्याच्या चुका निस्तरायला बायडाबाई शेजारी उभी असायची. काम दुप्पट, हुद्दा तोच. त्या एका दिवसाची तिने सुट्टी मागून घेतली होती. एकशे वीस मुलं बघून ती दारातच अडखळली. "एवढी पोरं? ह्यांना काय सांगू मी, बाई?"

"मला सांगितलंत तेच सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि वही उघडून पहिल्या बाकावर बसल्या.

बायडाबाईने टोपलीतून एक कळी काढून टेबलावर उभी धरली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने लगेच फोन वर केला.

"फोटू मागनं काढ," ती त्याला म्हणाली. "आदी बघ. काय दिसतंय, ते सांग मला."

"गुलाब," मुलगा म्हणाला.

"त्ये माजी शेळी बी सांगंल. नीट बघ."

मुलगा उठून टेबलाजवळ गेला आणि वाकून बघू लागला. मग दुसरा गेला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा टेबलाभोवती चाळीसेक मुलं दाटली होती आणि प्राचार्य दारात उभे राहून श्रीपती भाऊंना विचारत होते, की ह्या बाई कोण.

"तज्ज्ञ हायेत," श्रीपती भाऊ म्हणाले. "तुमीच सही केलीया."